पंधरा नंबर, अकरा ते एक

हे लिहू की नको यात आठ महिने गेले. मी बोलका माणूस नाही. आणि भुताखेताचं म्हणाल, तर आमच्या घरात त्याला जागाच नव्हती. वडील दर रविवारी विहारात वंदनेला न्यायचे आणि येताना सांगायचे, कुठल्याही गोष्टीला कारण असतंच, आपल्याला दिसत नाही म्हणून नसतं असं नाही. मी पुढे नोकरीही तीच धरली – कारण शोधायची. अमरावतीच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात कम्प्युटर लॅब सांभाळतो, सत्तावीस वर्षं झाली. कुठलं मशीन का बंद पडलं, कुठलं का रडतंय... हेच काम. असले अनुभव छापून आले की मी वाचायचो ते त्यातल्या चुका काढायला. तुम्हीही काढा. मला हवंच आहे ते.

गेल्या वर्षी आम्ही कठोरा रोडला स्वतःच्या घरात राहायला आलो. नवं कनेक्शन घेतलं, शंभर एमबीपीएसचं. राऊटर नवा, वायफायचं नाव नवं, पासवर्ड नवा. साईनगरच्या भाड्याच्या घरातला जुना राऊटर मी स्वतःच्या हाताने रिसेट करून भंगारवाल्याला दिला होता. हे लक्षात ठेवा.

मुलगा सिद्धांत पुण्याच्या एका कंपनीत आहे, पण काम घरून करतो. दिवाळीनंतर एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, तुमचा लॅपटॉप अन् माझा एकाच टेबलवर असतात. तुमच्यावर नव्वद येतात, माझ्यावर अर्धा एमबी. लॅबचे सर म्हणवता अन् घरचं नेट असं?"

"दिवसभर असं?"

"नाही ना! अकरा ते एक. नेमकी माझी मीटिंग असते साडेअकराला."

बायको म्हणाली, "राऊटरले काय घड्याळ समजते का रे?" दोघं हसले. मी ताटात पुन्हा वरण वाढून घेतलं. पहिलं संपलं नव्हतं तरी.

घरात एका लॅपटॉपला वेग मिळतो आणि दुसऱ्याला नाही, हे फार साधं दुखणं आहे. बहुतेक वेळा एक लॅपटॉप पाच गिगाहर्ट्झवर असतो आणि दुसरा २.४ वर अडकलेला. नाहीतर शेजाऱ्यांचे राऊटर त्याच चॅनेलवर गर्दी करतात, ड्रायव्हर जुना असतो, बॅटरी वाचवायची सेटिंग चालू राहिलेली असते. मी दोन दिवस सुटी टाकून एकेक पाहिलं. बँड बदलला, चॅनेल बदलला, ड्रायव्हर नवा टाकला. त्याचा लॅपटॉप माझ्या जागी, माझा त्याच्या जागी ठेवून पाहिला. शेवटी लॅबमधला वेगळ्या कंपनीचा राऊटर आणून लावला.

दहा एकोणसाठला सिद्धांतच्या लॅपटॉपवर एक्क्याण्णव. अकरा वाजता ०.५१. एकला एक मिनिट झालं की पुन्हा नव्वद. दोन्ही राऊटरवर तेच. माझ्या लॅपटॉपवर, बायकोच्या मोबाइलवर सगळा वेळ नव्वदच्या वर.

मग मी राऊटरच्या आतली यादी उघडली. घरातल्या प्रत्येक यंत्राला राऊटर एक नंबर देतो, घर नंबर असतो तसा. या राऊटरमध्ये तो शंभर ते एकशे नव्याण्णवमधलाच देता येतो, मीच तसं ठरवून ठेवलं होतं. माझा एकशे दोन. बायकोचा एकशे चार.

सिद्धांतच्या लॅपटॉपसमोर होतं – पंधरा.

त्या राऊटरला पंधरा नंबर देताच येत नाही. लॅपटॉपमध्ये हाताने कोणी टाकला असेल म्हणून ते तपासलं. नव्हता. मी मुद्दाम एकशे वीस नेमून दिला, रिस्टार्ट केलं. पंधरा.

साडेअकराला सिद्धांत तोच लॅपटॉप घेऊन पलीकडे मीटिंगला बसला. हेडफोन दाबून धरत तो तीनदा म्हणाला, "सर, ॲम आय ऑडिबल?"

मी उठून गच्चीवर गेलो.

आता ते सांगतो.

दुसऱ्या लॉकडाऊनच्या वर्षी माझी भाची विशाखा आमच्याकडे साईनगरला राहायला होती. माझी मोठी बहीण अकोल्याला कौलखेडला असते, तिची ही एकुलती एक. एमएस्सी फिजिक्स, हुशार. बाहेरच्या राज्यातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत लेखी निघून तिची ऑनलाइन मुलाखत लागली होती. अकोल्याला त्यांच्या घरी नेट धरत नव्हतं. म्हणून भाऊजी पास काढून मोटारसायकलवर तिला घेऊन आले. भाऊजी डाळमिलमध्ये फिटर होते. लेकीसाठी अकोल्यातल्याच एका दुकानातून सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता, तो त्यांनी टॉवेलात गुंडाळून पोटाशी बांधून आणला. मला म्हणाले, "भाऊ, पोरगी तुमच्या हवाली. कम्प्युटरमदलं तुमी पाह्यजा, मले त्यातलं काई समजत नाई."

सिद्धांत तेव्हा बारावीत होता. त्याचा क्लास ऑनलाइन, रोज अकरा ते एक. कनेक्शन लहान होतं, व्हिडिओ अडकायचा. पोरगा चिडायचा, बायको म्हणायची, "साऱ्या गावाचे कम्प्युटर दुरुस्त करता, आपल्या पोराचंच तेवढं होत नाई तुमच्यानं." मी राऊटरमध्ये नंबर लावून दिले होते – अकरा माझा, बारा बायकोचा, तेरा सिद्धांतचा लॅपटॉप, चौदा सिद्धांतचा मोबाइल. आणि पंधरा विशाखाचा. आमच्याकडे पाहुण्याचं ताट पहिलं वाढतात. मी पाहुणीला शेवटी बसवलं होतं, आणि तेव्हा मला ते जाणवलंही नाही.

मग एका सकाळी मी पंधरा नंबरला लिमिट लावलं. अकरा ते एक, ५१२ केबीपीएस. म्हणजे अर्धा एमबी. कोणाला सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी विशाखा आली. "मामाजी, माह्यं नेट लय स्लो चालून राह्यलं. बाकीच्यायचं बरं हाये."

मी काय केलं असेल? मी ते दुरुस्त करायला बसलो. तीन दिवस. तिला हॉलमध्ये बसवून पाहिलं, राऊटर बंद-चालू केला, स्पीड टेस्ट लावली. स्क्रू काढून लॅपटॉपची पाठ उघडली आणि आतलं वायफाय कार्ड तिला दाखवलं – "हे पाह्य, जुनं कार्ड आहे. २.४ वरच चालतं. लॅपटॉपच असा आहे बेटा." कार्ड जुनं होतं हे खरं. पण त्याच्यावर चाळीस सहज आले असते.

तिने एकदा विचारलं, "राऊटरमंदी तर काई नसन ना?"

"माझ्याकडून काही नाही," मी म्हणालो.

मुलाखत साडेअकराला होती. मला माहीत होतं. त्या दिवशी सिद्धांतची क्लासची सराव परीक्षा होती... फक्त सराव. सकाळी मी लिमिट काढायला बसलो आणि काढलं नाही. ५१२ मध्ये व्हिडिओ कॉल कसाबसा चालतो, असं मी स्वतःला सांगितलं. साडेअकराला मी स्वयंपाकघरात उभा होतो. हातात मोबाइल, मोबाइलवर राऊटरचं पान उघडं. आतल्या खोलीतून विशाखाचा आवाज आला – "सर, ॲम आय ऑडिबल?" थोड्या वेळाने पुन्हा. मग तिसऱ्यांदा, जरा रडवेला. एक खूण काढायची होती फक्त. एका बोटाचं काम. सिद्धांतच्या परीक्षेची वीस मिनिटं राहिली होती. मी घड्याळाकडे पाहत राहिलो.

ती बाहेर आली. "दोनदा कटलं मामाजी. मंग ते थँक्यू म्हणाले." मामीने तिला चहा दिला. मी म्हणालो, "लॅपटॉपनं धोका दिला." संध्याकाळी लिमिट काढून टाकलं.

निवड झाली नाही. नेट नीट असतं तरी कदाचित झाली नसती... या 'कदाचित'वर मी चार वर्षं काढली.

भाऊजी तो लॅपटॉप घेऊन त्या दुकानात गेले. घरी येऊन ताईला म्हणाले, दुकानदाराशी भांडलो, भर रस्त्यात त्याले चोट्टा म्हटलं. नंतर मी कधी अकोल्याला गेलो की सगळ्यांसमोर म्हणायचे, "चूक माही. मीच पोरीले भंगार आणून देल्लं." मी खाली मान घालून जेवायचो. पुढच्या वर्षी थंडीत ते गेले, हृदयाचं निमित्त झालं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी हात जोडून सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. भाऊजी ते नेहमी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणायचे, अकोल्याच्या विहाराच्या पत्र्यांतून घुमायचं.

बस. हे कोणाला माहीत नव्हतं. बायकोलाही नाही.

तर... गच्चीवरून खाली आलो आणि सिद्धांतला म्हटलं, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागव. आमच्याकडे रेंज दोन कांड्या, म्हणून तो पुन्हा वायफायवरच यायचा. त्याचे साहेब कुरकुरायला लागले होते. मी रोज अकराला यादी उघडायचो, पंधरा पाहायचो, बंद करायचो.

जानेवारीत ताई डोळे दाखवायला अमरावतीला आली. पिशवीत तो लॅपटॉप होता, त्याच टॉवेलात. भाऊजींचे फोटो त्यात आहेत, एक मोठा करून फ्रेम करायचा म्हणाली. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली असतील. सिद्धांतने त्याच्या शेजारी टेबलवर ठेवून तो चालू केला.

"आत्या, पासवर्ड टाकावा लागन थांब... अरे, हा तर लागला!"

लॅपटॉप या घरात कधी आलाच नव्हता. नाव नवं, पासवर्ड नवा. मला वाटलं सिद्धांतनेच नकळत टाकला असेल. तो म्हणाला, हातच लावला नाही. गंमत म्हणून त्याने स्पीड टेस्ट लावली. काटा गेला चौऱ्याण्णववर. ते कार्ड मी स्वतः उघडून पाहिलंय. त्याच्यावर चौऱ्याण्णव येणं म्हणजे सायकलने रेल्वेला मागे टाकण्यासारखं आहे. शेजारी सिद्धांतचा नवाकोरा लॅपटॉप, ०.५.

"आत्या, तुझा डबा तर रॉकेट निघाला व!"

ताई हसली नाही. चष्मा पुसत होती, तशीच थांबली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "मंग तवा काय झालं होतं रे भाऊ याले?"

पुन्हा एकदा मला खरं सांगायची संधी होती. मी म्हणालो, "तेव्हा लाइनच खराब होती ताई."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि दुपारच्या गाडीने गेली. मी यादी उघडली. त्या लॅपटॉपला राऊटरने काय नंबर दिला होता ते पाहायला. यादीत तो नव्हताच. लागलाच नव्हता, असं राऊटर म्हणत होता.

पंधरा दिवस मी नीट जेवलो नाही. मग एका रविवारी बसने अकोल्याला गेलो. न कळवता. विशाखा घरीच होती, ती आता तिथल्या एका शाळेत शिकवते. ताईने भाकरी टाकल्या, वांग्याचं भरीत केलं. पहिलं ताट माझ्यापुढे ठेवलं, नेहमीसारखं. ते पाहिल्यावर मला बोलता आलं. ताटाला हात न लावता सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच. नंबर, वेळ, स्वयंपाकघरात मोबाइल हातात घेऊन उभा होतो ते.

 विशाखाने विचारलं, "कितीवर ठेवलं होतं?"

"पाचशे बारा."

"अन् बाकीचं सारं सिद्धांतले."

"हो."

"तुमी माह्यासमोर स्क्रू काढले होते मामाजी," ती म्हणाली. "मी स्क्रू हातात धरून उभी होती." आणि आत गेली.

ताई ताटाकडे पाहत होती. म्हणाली, "माह्या माणसानं त्या दुकानदाराले चोट्टा म्हटलं. काईच कारण नसताना. ते तर आता माफी मांगाले येऊ शकत नाई. तू जाऊन ये. आताच जा. मंग जेवजो."

दुकान गांधी रोडच्या मागच्या गल्लीत. रविवार होता तरी उघडं होतं. सलीमभाई म्हणून साठीचे गृहस्थ, डोळ्याला भिंग लावून कुठल्याशा बोर्डावर डाग देत होते. मी भाऊजींचं नाव सांगितलं, डाळमिलवाले. त्यांना लगेच आठवलं. मी म्हणालो, "त्यांनी तुम्हाला शिव्या दिल्या, त्यात तुमची चूक नव्हती. चूक माझी होती. मी त्यांचा साळा."

सलीमभाईंनी भिंग वर केलं. "शिव्या? कोनं देल्ल्या?"

"भाऊजींनी. भर रस्त्यात. चोट्टा म्हणाले..."

"नाई हो साहेब. ते तर इथं स्टुलावर बसून चहा पिऊन गेले. मी त्यायच्यासमोर लॅपटॉप लावला, मस्त पळाला. म्या म्हटलं, माल चांगला हाये भाऊ, तुमच्या पाहुण्यायच्या घरी राऊटरमंदी कोनं लिमिट टाकून ठेवली असन. तर ते चूप बसले. एक घंटा झाला असन. म्या म्हटलं तब्येत बरी नाई का? मंग उठले अन् म्हने..." सलीमभाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "बोले – सलीमभाई, ये बात इधरच रहने दो. घर पे मैं बोलूंगा माल खराब था. बहन को भाई एकच है."

माझ्या ताईला मी एकटाच भाऊ आहे.

 सलीमभाईंनी स्टूल पुढे सरकवलं. मी त्यावर बसलो नाही.

परत जाऊन ताईला सांगितलं. ती भाऊजींच्या फोटोकडे पाहत म्हणाली, "मले एका शब्दानं बोलले नाई... सालभर." फोटोला बोलली की मला, कळलं नाही. ताट झाकून ठेवलं होतं. तिने ते पुन्हा माझ्यापुढे ठेवलं आणि मी जेवलो. विशाखा निघताना फाटकापर्यंत आली. "माफ केलं असं म्या म्हनलं तर ते खोटं होईन मामाजी. सध्या तरी." मी म्हटलं, नको म्हणू.

घरी बायकोला आणि सिद्धांतला सांगितलं. सिद्धांत दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग विशाखाला फोन केला त्याने. काय बोलले ते मी विचारलं नाही.

आणि त्या सोमवारी अकराला सिद्धांतच्या लॅपटॉपवर ब्याण्णव आले. दुसऱ्या दिवशीही. यादीत त्याचा नंबर एकशे वीस, मी नेमून दिलेला. पंधरा माझ्या लॅपटॉपसमोर आहे. तेव्हापासून रोज, सुटीच्या दिवशीही, अकरा ते एक माझ्यावर ०.५१.

कोणी म्हणेल भाऊजींचा आत्मा. मी तेव्हाही मानत नव्हतो, आताही मानत नाही. आणि क्षणभर मानलं तरी जुळत नाही. जो माणूस माझं नाव येऊ नये म्हणून आपल्या लेकीसमोर खोटं बोलला, तो मेल्यावर माझ्या पोराची मीटिंग तोडेल? मग हे कोण करतंय... राऊटरमध्ये नियम नाही, लॅपटॉपमध्ये नाही. लॅबमधल्या दोन सहकाऱ्यांना दाखवलं, त्यांनी डोकं खाजवलं. वाचकांपैकी कोणी नेटवर्किंगमधलं असेल आणि कारण सापडलं तर जरूर सांगा. मी पाहीन. पण दुरुस्त करणार नाही.

रविवारी विहारात जातो अजून. चौथ्या शीलाशी आलो की भाऊजींचा तो मोठा आवाज कानात येतो. शेवटच्या वर्षी ते शील ते जरा हळूच म्हणायचे, असं आता आठवतं. अकोल्याला गेलो की मी शेजारीच बसायचो. मला वाटायचं, वय झालं.